जुळा पाना

१

विमान वर चढलं आणि उजवीकडे वळेना.

डावीकडे वळत होतं, सरळ जात होतं. उजवीकडे म्हटलं की हातातलं चाक मध्येच अडायचं, खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. वैमानिक बाईने सगळा जोर लावून पाहिला, मग नाद सोडला आणि नुसती डावी वळणं घेत, मोठा वळसा घालून विमान परत आणून टेकवलं. प्रवासी सुखरूप उतरले. काही रडत होते, काही पुढचं विमान चुकणार म्हणून भांडत होते. वैमानिक बाई शिडीच्या पायरीवर बसून राहिली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी हँगरमध्ये विमानाच्या तळाची फळी उचकटली. पायाखालच्या पोकळीत, पंखाची पट्टी हलवणाऱ्या केबलच्या पुलीपाशी, बोल्ट आवळायचा एक रॅचेट पाना आडवा अडकून बसला होता.

आता विमानात पाना राहणं भयंकर असलं तरी न समजण्यासारखं नाही. माणसं विसरतात. डोकं पिकवणारी गोष्ट पुढेच होती.

हँगरच्या हत्यारखोलीत भिंतभर फळा होता. त्यावर काळा फोम, आणि फोममध्ये प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच. खाचेच्या तळाशी लाल रंग. हत्यार उचललं की लाल दिसायचं, आणि उचलणाऱ्याने तिथे आपला पितळी बिल्ला अडकवायचा. फळ्यावर कुठेही लाल दिसत असेल तोवर विमान सोडायचं नाही, हा नियम. काल विमान सुटलं तेव्हा लाल दिसत नव्हतं. आजही दिसत नव्हतं. रॅचेटच्या खाचेत रॅचेट गुपचूप पडला होता.

आणि विमानातही रॅचेट होता. तसाच, त्याच मापाचा, हँगरची खूण कोरलेला.

एकही हत्यार हरवलं नव्हतं, आणि तरी एक सापडलं होतं.

२

चौकशीला मुख्यालयातून जी बाई आली तिला मागून सगळे ‘चिमटा’ म्हणत. कुठेही रुतलेलं कुसळ ती उपटून काढायची म्हणून. तिला हे नाव माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्या दिवशी मात्र चिमट्याचं डोकं घरूनच तापलेलं होतं. सकाळी दूध उतू गेलं होतं. उतू गेलं ते गेलं, वर नवरा म्हणाला, "मला वाटलं, पोरीने गॅस बंद केला." पोरगी म्हणाली, "मला वाटलं, बाबांनी केला." दोघंही दुधापासून हातभर अंतरावर उभे होते. ओटा पुसता पुसता चिमट्याने ठरवून टाकलं की जगातली निम्मी संकटं या दोन शब्दांतून येतात: मला वाटलं.

हँगरचे मॅनेजर मूळचे मेकॅनिक; त्यांना कामगार ‘घड्याळसाहेब’ म्हणत. खोलीत तीन फोन, भिंतीवर विमानं सुटण्याच्या वेळांचा मोठा फलक, आणि टेबलाखाली एक लोखंडी पेटी. तिच्यावर दोन्ही पाय ठेवून साहेब बसले होते. चष्म्याची एक दांडी तुटली होती, ती त्यांनी बारीक तारेने स्वतःच बांधून घेतली होती. तारेचं टोक कानाला टोचू नये म्हणून आत वळवलेलं. चष्मेवाल्याकडे जायला या माणसाला वेळ कुठला!

"केस सरळ आहे, बाई," ते म्हणाले. "पाना थोरल्याच्या बिल्ल्यावर गेला होता. काम थोरल्याचं, चूक थोरल्याची. मुख्यालयाला आज संध्याकाळपर्यंत नाव हवंय. पत्र मी तयार ठेवलंय, तुमची सही झाली की..." फोन वाजला. "हो, हो, सुटतंय! दरवाजे लावतायत!" फोन आपटून ते पुढे म्हणाले, "की संपलं."

"म्हणजे त्याचा परवाना जाणार."

"जाणारच. नोकरीपण. मलाही वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम."

"आणि खाचेतला पाना? तो कुठून आला?"

"ते तुम्ही सावकाश शोधा. नाव आज द्या."

चिमट्याने कपाळावर हात मारायचा मोह आवरला. आधी नाव, मग शोध! गुन्हेगार ठरवून झाल्यावर गुन्हा शोधायची ही तऱ्हा तिने बरीच पाहिली होती आणि प्रत्येक वेळी तिचं पित्त खवळायचं.

"थोरला म्हणजे कोण?" तिने विचारलं.

"इथे दोघं भाऊ मेकॅनिक आहेत. थोरला दिवसपाळीला, धाकटा दुपारनंतर. हत्यारखोली सांभाळते ती थोरल्याची बायको. सगळं घरातल्या घरात."

"मग पत्र घरपोच द्यायची सोय झाली," चिमटा म्हणाली आणि उठली.

३

ती आधी विमानात गेली. फळी उघडीच ठेवली होती. गुडघे टेकून, टॉर्च तोंडात धरून तिने आत डोकावलं.

नवी पुली, तिची नवी बैठक, तिला चार बोल्ट. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्या डोक्यांतून तार ओवून पिळलेली. दोन बोल्टांची तार वेणी घातल्यासारखी एकसारखी होती. उरलेल्या दोन बोल्टांची कुठे सैल, कुठे घट्ट, आणि टोक आत वळवून त्याचा बारीक डोळा केलेला. पान्याने केबलवर एक चकचकीत ओरखडा उठवला होता. आणखी थोडा वेळ विमान हवेत राहिलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार तिने केला आणि लगेच सोडून दिला.

बाहेर येऊन ती एका लाकडी खोक्यावर बसली आणि थोरल्याला बोलावलं.

थोरला आला तो हात पुसतच. केस पांढरे, बोटं जाडजूड, चेहरा असा की रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसावा.

"माझ्याकडून राहिला," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "लिहून घ्या."

चिमट्याला वाईटच वाटलं. इतका आयता कबुलीजबाब तिला कधी पचत नसे.

"कसा राहिला?"

"पुली बदलली. चारही बोल्ट आवळले, तार घातली, फळी लावली. पाना आत राहिला."

"तार कशाने पिळलीत?"

"पक्कडीने. तार पिळायची वेगळी पक्कड असते. माझी स्वतःची आहे, फळ्यावरची नाही. दुसऱ्या कशाने पिळणार?"

"सगळी?"

"सगळी."

"आणि खाचेतला पाना?"

थोरल्याने मान खाली घातली. "तोही मीच ठेवला."

"कुठून आणून?"

"होता एक."

"होता एक म्हणजे? झाडाला लागला होता का, पिकल्यावर तोडला?"

थोरला पुन्हा हात पुसू लागला.

"अहो, तुमचा परवाना जाईल. उद्यापासून तुम्हाला कुणी विमानाच्या जवळही फिरकू देणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय," तो म्हणाला. "ह्या हातांनी दुसरं काही येत नाही मला. तरी पण माझंच नाव लिहा." आणि आवाज अगदी खाली आणून, "दुसऱ्या कुणाचं नको."

दुसऱ्या कुणाचं? चिमटा विचारणार, एवढ्यात मागून धाडधाड पावलं वाजली आणि कुणीतरी ओरडलं, "दादाचं एक अक्षर ऐकू नका! तो पाना मी विसरलोय!"

४

धाकट्याला धाप लागली होती. थोरल्याने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"वा," चिमटा म्हणाली. "एक पाना आणि विसरणारे दोन. आणखी कुणाला विसरायचंय का? रांग लावून उभे राहा म्हणावं."

थोरल्याला तिने बाहेर पाठवलं. तो जाताना धाकट्याला एवढंच म्हणाला, "गप्प बस." धाकटा गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हता.

"दादाचं काम अर्धं राहिलं होतं," तो भडाभडा बोलू लागला. "पलीकडे दुसऱ्या विमानाचा टायर बसला म्हणून साहेबांनी त्याला तिकडे पिटाळलं. मी पाळीवर आलो, उरलेले बोल्ट आवळले, पाना आतच विसरलो, फळी लावली. माझी चूक."

"किती बोल्ट उरले होते?"

"उरलेले सगळे."

"अरे, पण किती?"

धाकट्याची जीभ अडखळली. "तीन."

"तार?"

"घातली की."

चिमट्याने पिशवीतून तारेचा तुकडा काढला, दोन बोल्ट काढले, त्याच्यापुढे ठेवले. "घाल."

"पक्कड?"

"पक्कड नाही. हाताने."

धाकट्याने प्रयत्न केला. तार एकदा निसटली, एकदा तुटली, एकदा त्याच्या बोटात घुसली. रक्त चोखत तो म्हणाला, "हाताने नाही येत मला. आम्हाला पक्कडीवरच शिकवलंय. हाताने पिळणारी पिढी गेली."

चिमट्याने उठून टायरच्या टोळीकडे चक्कर मारली. तिथला फोरमन म्हणाला की पाळी बदलायच्या आधीच थोरला आला, आणि विमान सुटून आभाळात जाईपर्यंत तिथेच चाकाखाली होता. "आणि तार पिळायची पक्कड खिशात घेऊन आला होता," फोरमन हसून म्हणाला, "टायरला ती कशाला लागते म्हणून आम्ही त्याची टिंगलही केली."

परत येताना तिचा राग आणि आनंद दोन्ही एकदमच वाढले. थोरला खोटं बोलत होता, तो काम अर्धं टाकून गेला होता आणि परत आला नव्हता. धाकटा खोटं बोलत होता, बोल्ट किती उरले हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. तारेची वेणी दोनच बोल्टांवर होती, ती थोरल्याची. उरलेले दोन ज्याने केले त्याच्याकडे पक्कड नव्हती, कारण पक्कड थोरल्याच्या खिशात बसून टायरकडे गेली होती.

मग त्या पोकळीत आणखी कुणाचे हात गेले होते?

५

हत्यारखोलीच्या खिडकीत वहिनी उभी होती. धाकट्याची वहिनी, म्हणून सगळ्या हँगरची वहिनी. साहेबसुद्धा तिला वहिनीच म्हणत.

"दोघंही थापा मारतायत," चिमट्याने काही विचारायच्या आधीच ती म्हणाली. "बातमी आल्यापासून घरात दोघांचे चेहरे बघवत नाहीत. एकमेकांशी शब्द नाही. ह्यांना विचारावं तर म्हणतात, पोरगं आहे, सांभाळून घ्यायला हवं. भाऊजींना विचारावं तर म्हणतात, दादाचं आता वय झालं. मी म्हटलं, अहो, मग एकमेकांना विचारा ना! तर दोघं मूग गिळून बसले."

"काल काय झालं ते सांगा."

"विमान सुटायची वेळ झाली. मी फळा बघितला. रॅचेटच्या खाचेत लाल, वर ह्यांचा बिल्ला लटकतोय. साहेबांना फोन केला की हत्यार कमी आहे, विमान सोडू नका. आणि मी ह्यांना शोधायला निघाले. पाळी बदलत होती, अर्धे लोक हात धूत होते, अर्धे कपडे बदलत होते, कुणाचा पत्ता लागेना. परत आले तर पाना खाचेत, बिल्ला खिडकीवर. मला वाटलं, हेच येऊन ठेवून गेले."

चिमट्याने डोळे मिटून घेतले. "वहिनी, ते दोन शब्द आज पुन्हा कुणी उच्चारले ना, तर मी किंचाळीन."

"कुठले शब्द?"

"जाऊ द्या. खाचेतला पाना द्या."

वहिनीने आपला बिल्ला अडकवून पाना काढून दिला. चिमट्याने तो हातात तोलला, फिरवला. टिक, टिक, टिक. कडक, करकरीत. दात्यांत कारखान्याचं तेल अजून होतं. विमानात सापडलेला तिने शेजारी ठेवला. तो झिजलेला, मुठीपाशी बोटांनी गुळगुळीत केलेला. एका आईची दोन लेकरं, एक राबणारं आणि एक कधी घराबाहेर न पडलेलं.

"हा तुमच्या कपाटातला नवा असेल. सुट्टा."

"शक्यच नाही," वहिनी म्हणाली. "नवीन हत्यारं कोरी असतात. फळ्यावर लावायच्या दिवशी मी स्वतः खूण कोरते. ह्याच्यावर खूण आहे, म्हणजे हा आधीच कुठल्यातरी संचात वाटलेला आहे."

"वाटलेला आहे, पण एकदाही वापरलेला नाही. असा संच कुठे आहे?"

वहिनी बोलायला गेली आणि थांबली. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. मग हलकेच म्हणाली, "धावती पेटी."

"ती काय?"

"बाहेरगावी विमान बिघडलं तर उचलून पळायला एक पेटी कायम भरून ठेवतो. ह्या खेपेला भरल्यापासून तशी वेळच आली नाही."

"आणि ती असते कुठे?"

"साहेबांच्या पायाखाली."

६

घड्याळसाहेबांच्या खोलीत ती शिरली तेव्हा मागे दोघे भाऊ आणि वहिनी होती. साहेबांनी पत्र पुढे सरकवलं, वर पेनही ठेवलं.

"चला, बरं झालं सगळेच आलात. सही करा, बाई. पुढच्या विमानाची वेळ झालीय."

"पाय काढा," चिमटा म्हणाली.

"काय?"

"पेटीवरून पाय काढा."

फोन वाजला. साहेबांनी हात पुढे केला. चिमट्याने त्यांच्या आधी रिसीव्हर उचलून टेबलावर आडवा ठेवला. आतून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत राहिलं.

पेटीची कडी तारेने बांधलेली होती. चिमटा खाली वाकली. पीळ कुठे सैल, कुठे घट्ट, आणि टोकाला आत वळवलेला बारीक डोळा.

"साहेब, चष्मा देता जरा?"

साहेबांनी चष्मा दिला नाही, पण हात मात्र नकळत दांडीकडे गेला, आणि खोलीतल्या चौघांनाही त्या बोटाखालचा तारेचा तसाच डोळा दिसला.

"पाळी बदलत होती," चिमटा म्हणाली. "तुम्हीच थोरल्याला टायरकडे पाठवलंत. इथे दोन बोल्ट राहिले होते, आणि विमानाची वेळ झाली होती. तुम्ही जुने मेकॅनिक, हात शिवशिवले. थोरल्याच्या ट्रेमधला पाना उचललात आणि पोकळीत उतरलात. बिल्ला लावला नाही, कारण साहेब कशाला बिल्ला लावतील! पक्कड नव्हती म्हणून तार हाताने पिळलीत, जशी तुमच्या काळी शिकवायचे तशी. इथे दुसऱ्या कुणाला ती येत नाही, आणि इथे दुसऱ्या कुणाच्या पायाखाली ही पेटी नाही. मग फोन वाजला."

 धाकट्याने वहिनीकडे पाहिलं.

"उघड," चिमटा त्याला म्हणाली.

धाकट्याने तार कापली. झाकण वर झालं. आतल्या फोममध्ये सगळ्या खाचा भरलेल्या होत्या, एक सोडून. तिथे लाल दिसत होतं.

साहेब खुर्चीत खचले. "दोनच बोल्ट होते हो," ते म्हणाले. "मीच त्याला तिकडे पाठवलेलं, म्हणून म्हटलं आपणच करून टाकू. प्रवासी दारात उभे होते. फोन आला, मी बोलत बोलत बाहेर पडलो. पाना... मला वाटलं, ट्रेमध्ये ठेवला."

"आणि वहिनींनी फोन करून लाल दिसतंय म्हणून सांगितलं तेव्हा?"

"मला वाटलं, थोरल्याच्या खिशात असेल. नेहमी तसंच निघतं. दुसऱ्या दिवशी सापडतो कुणाच्यातरी खिशात. एका पान्यासाठी भरलेलं विमान थांबवायचं? म्हणून पेटीतला काढून ठेवला. उद्या बदलू म्हटलं."

"बरं," चिमटा म्हणाली. "आणि आज सकाळी पाना विमानात सापडला. तुम्ही हे पत्र टाइप करायला बसलात. तेव्हा काय वाटलं?"

टेबलावरच्या रिसीव्हरमधला आवाजही थकून बंद झाला होता. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. 

चिमट्याने पत्र उचललं आणि फाडलं. अहवाल ती स्वतः लिहिणार होती, आणि पहिल्या ओळीत साहेबांचं नाव येणार होतं.

७

गोष्ट इथे संपली असती तर चिमटा वेळेत घरी पोचली असती. पण बाहेर आल्यावर दोघा भावांचं जुंपलं.

"तुला वाटलं मी पाना विसरलो?" थोरला धाकट्यावर गरजला. "इतकी वर्षं हे काम करतोय, एक वायसर कधी इकडची तिकडे केली नाही! वय झालं काय?"

"आणि तुला काय वाटलं? मी विसरलो असंच ना? मी अजून शेंबडा आहे तुझ्या लेखी!"

"तूच फळी लावलीस!"

"तार घातलेली दिसली म्हणून लावली! तूच केलंयस असं..." धाकटा मध्येच थांबला. मग वेगळ्या आवाजात म्हणाला, "फळी लावायच्या आधी आत टॉर्च मारून बघायचं असतं, दादा. दुसऱ्याने बघायचं, नियमच आहे. मी तार आहे एवढं बघितलं आणि बघितलं म्हणून सांगितलं. तुझ्या कामावर टॉर्च मारायला मला लाज वाटते. तू मला हे काम शिकवलंस. तुझं काय तपासायचं!"

थोरल्याचा राग एकदम ओसरला. तो खोक्यावर बसला. "आणि मी तुला न सांगताच गेलो," तो म्हणाला. "दोन बोल्ट राहिलेत, एवढं सांगायला तोंड उघडायचं होतं."

"दोघांचीही नावं अहवालात येणार आहेत," चिमटा म्हणाली. तिला या माणसांची मनापासून चीड आली होती आणि तितकीच मायाही. "परवाने राहतील असं मी लिहीन. ठपका राहील, आणि तो राहायलाच हवा. एकमेकांसाठी नोकरी घालवायला तयार, पण एकमेकांना एक प्रश्न विचारायला तयार नाही! दोन बोटांवर असलेल्या माणसाशी बोलायला काय पैसे पडतात?"

"बघा ना," वहिनी म्हणाली. "मी कधीची तेच सांगतेय."

"वहिनी, तुमचंही नाव आहे."

 वहिनी म्हणाली, "बरोबर आहे. बिल्ला खिडकीवर दिसला तेव्हा ह्यांना एकदा विचारायला हवं होतं."

चिमटा दोन्ही पाने पुरावा म्हणून पिशवीत घालून दाराकडे निघाली. आधीच उशीर झाला होता, घरी ओटा अजून चिकट असणार होता. खिडकीतून वहिनीचा हात आडवा आला.

"बाई, पाना नेताय ना?"

"पुरावा आहे."

"असू दे. माझा बिल्ला मी काढून घेतेय. तुमचा?"

"माझ्याकडे कुठला बिल्ला?"

वहिनीने तिच्या गळ्याकडे बोट दाखवलं. चिमट्याने एक सुस्कारा सोडला, गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि लाल खाचेवर अडकवलं.

साहेबांच्या रिकाम्या खोलीत फोन वाजायला लागला होता. तो थांबेना तेव्हा तिनेच जाऊन उचलला.

"विमान का सुटत नाहीये?" पलीकडून कुणीतरी ओरडलं.

"फळ्यावर लाल दिसतंय."

"मग ते भरा आणि सोडा!"

"वहिनी नवीन पाना कोरतायत. कोरून झाला की भरेल."

"किती वेळ लागेल?"

"कोरायला लागतो तेवढा," चिमटा म्हणाली आणि फोन ठेवला.

ती बाहेर पडताना कालच्या विमानाची फळी अजून उघडी होती. साहेबांनी पिळलेली तार कापून काढली होती आणि ते दोन बोल्ट नव्याने करायचे होते. थोरला पोकळीत अर्धा उतरला होता. वर धाकटा टॉर्च घेऊन ओणवा झाला होता, आणि प्रकाश सरळ थोरल्याच्या हातांवर धरला होता.

"दादा, हे दोन झाले का तुझे?"

"एक झाला. एक राहिलाय."

"नक्की?"

"अरे, सांगतोय ना!"

"बघू," धाकटा म्हणाला. "हात बाजूला घे."

थोरल्याने हात बाजूला घेतला.